जुन्या संगणकाची नाडीपरीक्षा

मुंबई-आग्रा महामार्गावरील पिंपळगाव बसवंत हे निफाड तालुक्यातले मोठ्या बाजारपेठेचे गाव. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे यांच्यासाठी ते राज्याबाहेरही ओळखले जाते. अशा गावांतील शाळांना संगणक आता नवलाईचा राहिलेला नाही. उलट बऱ्याच ठिकाणी तो म्हातारा झाला आहे. दहा-बारा वर्षे वापरलेला, टेबलाखाली ठेवलेला, पंख्याचा घरघर आवाज करणारा हा संगणक एक दिवस काम चालू असताना अचानक बंद पडतो. निकालपत्रक अर्धे भरून झालेले असते. पुन्हा चालू केला की काही घडलेच नाही अशा थाटात तो सुरू होतो, आणि तासाभराने किंवा दोन दिवसांनी पुन्हा तेच.

मग शिक्षकांच्या खोलीत निदाने सुरू होतात. कोणी म्हणते व्हायरस आला, कोणी म्हणते मदरबोर्ड गेला, कोणी म्हणते आता मोडीत काढा. दुरुस्ती करणारा येतो, एखादा भाग बदलतो, चार दिवस बरे जातात आणि पाचव्या दिवशी संगणक पुन्हा मान टाकतो. सादिल खर्चातले पैसे तर जातातच, पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे या यंत्राचे काही कळतच नाही, अशी समजूत मुलांच्या मनात पक्की होते.

वास्तविक अचानक बंद पडणारा संगणक हा विज्ञानाच्या शिक्षकाला मिळालेला एक उत्तम प्रयोग आहे. निरीक्षण, अनुमान, एका वेळी एकच बदल आणि नोंद या चार गोष्टी आपण वर्गात शिकवतो; त्या चारही येथे लागतात. निदानाला लागणारी उपकरणे फारशी महाग नाहीत. एक पेचकस, एक मऊ ब्रश, एक पेनड्राइव्ह, एक घड्याळ आणि एक वही एवढ्यावर बरेच काम होते.

आधी जतन, मग परीक्षा

पहिले काम निदानाचे नाही. संगणक चालू असताना त्यातील महत्त्वाची माहिती दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्यावी. बिघाड माहिती साठवणाऱ्या चकतीत म्हणजे हार्ड डिस्कमध्ये असेल, तर प्रत्येक नवा प्रयोग ती माहिती धोक्यात घालतो. यंत्राचा कोणताही भाग पुन्हा विकत मिळतो, तीन वर्षांची निकालपत्रके मिळत नाहीत.

त्यानंतर वही उघडावी. पिंपळगावच्या शेजारीच ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना आहे. १९६४ मध्ये मिग-२१ विमानांच्या बांधणीसाठी तो सुरू झाला. विमानाच्या जगात कोणताही दोष, कितीही किरकोळ असो, तारीख-वेळेसह लिहिला जातो. तोंडी सांगितलेल्या दोषाला तेथे किंमत नसते. आपणही तेच करावे. प्रत्येक वेळी संगणक बंद पडला की पाच गोष्टी लिहाव्यात: तारीख आणि वेळ, चालू केल्यापासून किती मिनिटे झाली, त्या वेळी कोणते काम चालू होते, बंद पडण्याचा प्रकार कोणता, आणि आसपास काही घडले का, जसे दिवे मंद झाले, पंप सुरू झाला, कोणी टेबलाला धक्का दिला.

यातील ‘प्रकार’ फार बोलका असतो. ढोबळमानाने चार प्रकार दिसतात. पहिला, दिवा विझावा तसा संगणक एकदम बंद होणे. दुसरा, आपोआप पुन्हा सुरू होणे. तिसरा, पडद्यावरचे चित्र जागच्या जागी थिजणे आणि कळ दाबूनही काही न होणे, ज्याला मुले ‘हँग झाला’ म्हणतात. चौथा, निळ्या पडद्यावर संदेश येणे. पहिल्या दोन प्रकारांत संशय आधी वीज आणि उष्णता यांच्यावर जातो. तिसऱ्यात हार्ड डिस्क आणि स्मृती म्हणजे रॅम यांच्यावर, चौथ्यात रॅम आणि आज्ञावलींवर. हे नियम नव्हेत, केवळ प्रारंभीचे संशय आहेत. पण कोठून सुरुवात करावी ते त्यांवरून ठरते.

विंडोज प्रणालीत घटनांची एक नोंदवही आपोआप लिहिली जात असते. त्यात बंद पडण्याच्या वेळेजवळ ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद पुष्कळदा सापडते आणि ती पाहून वीजपुरवठाच दोषी आहे असे ठरवले जाते. हा गैरसमज आहे. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. मृत्यूच्या दाखल्यावर वेळ आहे, कारणाचा रकाना कोरा आहे, अशी ती नोंद असते.

भाग म्हातारे का होतात?

संगणक बंद पडणे ही गोष्ट संगणकाइतकीच जुनी आहे. अमेरिकेत १९४६ साली लोकांपुढे आलेल्या एनिॲक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. भारतात बनलेला पहिला पूर्ण आकाराचा संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. तो १९६० साली कामाला लागला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्यात २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते.

आता एक साधे गणित करून पाहू. समजा, एक निर्वात नळी सरासरी ५,००० तास टिकते. घरातल्या रेडिओत अशा पाच नळ्या असतील, तर सरासरी १,००० तासांनी एखादी जाईल. कोणाची तक्रार नाही. पण २,७०० नळ्या एकत्र काम करू लागल्या, तर ५,००० भागिले २,७०० म्हणजे दोन तासांच्या आतच कोठली तरी एक नळी जाईल! म्हणून त्या काळच्या अभियंत्यांना नळ्या निवडून घ्याव्या लागत आणि त्या कमी ताणावर चालवाव्या लागत. एनिॲकच्या बाबतीत असे आढळले की नळ्या बहुधा यंत्र तापताना किंवा थंड होताना जातात. तापल्याने धातू आणि काच प्रसरण पावतात, थंड झाल्यावर आकुंचन पावतात, आणि या ओढाताणीत कमजोर सांधा तुटतो. म्हणून ते यंत्र शक्यतो बंदच करत नसत.

आजच्या प्रक्रियकात कोट्यवधी ट्रान्झिस्टर असतात आणि ते सहसा जात नाहीत. म्हातारे होतात ते त्यांच्या भोवतालचे साधे भाग: कॅपॅसिटर, पंखा, उष्णता वाहून नेणारा लेप, धातूचे स्पर्शबिंदू आणि हार्ड डिस्कची फिरती यंत्रणा. यांतील बहुतेक भाग एका दिवसात मरत नाहीत. त्यांची सहनशक्ती हळूहळू घटते. गाठीला पैसा असताना घरात एखादे आजारपण निघाले तरी निभावून जाते. गाठ रिकामी झाली की लहानसा खर्चही घर बसवतो. जुन्या संगणकाचे नेमके असेच असते. त्याच्या अचानक बंद पडण्यामागे पुष्कळदा एकच मोठा बिघाड नसतो. घटलेली शिल्लक आणि नेमकी त्याच क्षणी आलेली एखादी किरकोळ अडचण यांची ती गाठभेट असते. हे ध्यानात घेतले की ‘कधी चालतो, कधी नाही’ हे कोडे उलगडू लागते.

धूळ, खडू आणि ऊन

पहिली तपासणी उष्णतेची, कारण ती फुकट होते. प्रक्रियकावर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा बसवलेला असतो आणि त्यावर पंखा. प्रक्रियक आणि ठोकळा यांच्यामध्ये, दुकानात ज्याला थर्मल पेस्ट म्हणतात, तो लेप असतो. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांत सूक्ष्म उंचसखलपणा असतो आणि त्या फटींत हवा राहते. हवा उष्णतेची मंदवाहक आहे. लेप त्या फटी भरून काढतो. काही वर्षांनी लेप वाळतो, त्याला भेगा पडतात आणि हवा पुन्हा आत शिरते.

यात धुळीची भर पडते. बाजाराच्या गावातली रस्त्यावरची धूळ असतेच, शिवाय वर्गातला खडू. पट्ट्यांमधल्या फटींत धुळीचे नमद्यासारखे आवरण जमले की पंखा फिरत असूनही हवा आत जात नाही. प्रक्रियकात तापमापक बसवलेला असतो. तापमान वाढले की तो प्रथम आपला वेग कमी करतो. तरीही ते साधारण शंभर अंश सेल्सिअसच्या घरात गेले की यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडते. म्हणजे आपल्याला जो बिघाड वाटतो, तो खरे म्हणजे बचाव असतो.

हे तपासण्याचा प्रयोग आठवीच्या मुलांनाही करता येईल. सकाळी शाळा भरताना थंड संगणक चालू करावा, त्याला एखादे जड काम द्यावे, जसे लांब चित्रफीत दाखवणे, आणि किती मिनिटांनी बंद पडतो ते लिहावे. बंद पडताच लगेच पुन्हा चालू करून दुसरी वेळ घ्यावी. मग अर्धा तास थांबून तिसरी वेळ घ्यावी. पहिली वेळ ४० मिनिटे, दुसरी ८ आणि तिसरी ३५ अशा प्रकारचे आकडे आले, तर संशय उष्णतेवर पक्का होतो. गरम भांड्याला पुन्हा उकळी यायला कमी वेळ लागतो, तसेच हे. तिन्ही वेळा एकमेकींशी काही नाते सांगत नसतील, तर कारण बहुधा दुसरे आहे. यानंतर खोक्याची बाजूची पत्री काढून बाहेरून टेबलफॅनचा वारा सोडावा. तेवढ्याने बंद पडणे थांबले, तर निदान झाले असे समजायला हरकत नाही.

निफाड परिसरात हा प्रयोग वर्षातून दोनदा करण्यासारखा आहे. कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रातील थंडीचे आकडे दर हिवाळ्यात वृत्तपत्रांत येतात. राज्यातील नीचांकी तापमान अनेकदा तेथलेच असते. उन्हाळ्यात मात्र पारा चाळिशीकडे जातो. म्हणजे एकाच खोलीतील हवेत तीस अंशांचा फरक पडतो. जानेवारीत ठणठणीत असलेला संगणक एप्रिलमध्ये आजारी का पडतो, याचे उत्तर या फरकात आहे.

साफसफाई करताना संगणकाची वायर भिंतीतून काढलेली असावी. पंख्याचे पाते बोटाने धरून मगच ब्रश किंवा ब्लोअर वापरावा. वाऱ्याच्या झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होते. कोरड्या थंडीत अंगावर स्थिर विद्युत्भार साचतो, म्हणून आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी खोक्याच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करावा.

विजेची शिल्लक किती?

दुसरी तपासणी विजेची. भिंतीतून येणारा २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह संगणकाला जसाच्या तसा चालत नाही. त्याला १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा स्थिर एकदिश प्रवाह लागतो. हे रूपांतर करणाऱ्या पेटीला एसएमपीएस म्हणतात. तिच्यात शिरताच वीज प्रथम एकदिश होते आणि एका मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठते. पाठ्यपुस्तकात यालाच आपण धारित्र म्हणतो. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणून हा कॅपॅसिटर सेकंदाला १०० वेळा, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी भरला जातो. मधल्या काळात संगणक त्यातील साठ्यावर जगतो. शेतावरची टाकी आणि रोज ठरावीक वेळी येणारे पाणी यांचे चित्र डोळ्यांसमोर आणावे.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना येथे खरे गणित करता येईल. समजा, कॅपॅसिटरची क्षमता ३३० मायक्रोफॅरड आहे. २३० व्होल्टच्या विजेचे शिखर १.४१४ पट, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असते. तेवढ्या दाबाने कॅपॅसिटर भरतो. समजा, दाब २३० व्होल्टच्या खाली गेला की पेटीचे काम थांबते. साठलेली ऊर्जा म्हणजे क्षमता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले दोन. ३२५ चा वर्ग वजा २३० चा वर्ग, त्याला क्षमतेने गुणून निम्मे केले की वापरता येणारी ऊर्जा ८.७ ज्यूल येते.

गरज किती? जड कामाच्या वेळी संगणकाला १५० वॅट लागतात आणि पेटीची कार्यक्षमता ८० टक्के आहे असे धरले, तर कॅपॅसिटरमधून सुमारे १८८ वॅट काढावे लागतील. १० मिलिसेकंदांत ते झाले १.९ ज्यूल. हा हिशेब ढोबळ आहे, पण ८.७ ज्यूलच्या शिलकीपुढे १.९ ज्यूलचा खर्च म्हणजे चैन आहे.

आता दोन अडचणी आणू. पहिली, कॅपॅसिटर जुना होऊन त्याची क्षमता निम्मी झाली. शिल्लक ४.३५ ज्यूल, तरी चालते. दुसरी, कॅपॅसिटर नवा आहे, पण परिसरातले पंप, शीतगृहांची यंत्रे एकदम सुरू झाल्याने वीज १८० व्होल्टवर आली. शिखर झाले २५४.५ व्होल्ट, शिल्लक १.९६ ज्यूल, काठावर का होईना, तेही चालते. पण जुना कॅपॅसिटर आणि १८० व्होल्ट या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर शिल्लक फक्त ०.९८ ज्यूल उरते आणि खर्च आहे १.९ ज्यूलचा. संगणक त्याच क्षणी बंद पडणार.

गंमत पुढेच आहे. संगणक नुसता उघडून ठेवला असेल आणि त्याला ६० वॅटच लागत असतील, तर १० मिलिसेकंदांचा खर्च ०.७५ ज्यूल होतो. म्हणजे ०.९८ ज्यूलच्या शिलकीवरही तो चालू राहतो! जुना कॅपॅसिटर, कमी व्होल्टेज आणि जड काम या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच तो बंद पडेल. दुरुस्ती करणाऱ्याच्या दुकानात, जेथे वीज ठीक आहे आणि काम हलके आहे, तेथे हा संगणक दिवसभर सुरळीत चालेल आणि ‘यात काहीच बिघाड नाही’ असा शेरा घेऊन परत येईल. त्यात कोणी खोटे बोललेले नसते. परिस्थिती वेगळी होती, एवढेच.

कॅपॅसिटर जुना होतो म्हणजे काय होते? ॲल्युमिनियमच्या वळकटीत भिजवून ठेवलेला द्रव हळूहळू सुकतो. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. एखाद्या कॅपॅसिटरवर १०५ अंशांना २,००० तास असे आयुष्य दिले असेल, तर ८५ अंशांना ते ८,००० तास आणि ६५ अंशांना ३२,००० तास धरता येते. शाळेतला संगणक वर्षाला २२० दिवस, रोज ८ तास चालला तर १,७६० तास होतात. म्हणजे ६५ अंशांवर काम करणारा कॅपॅसिटर १८ वर्षे टिकेल, पण धुळीने गुदमरून ८५ अंशांवर गेलेला साडेचार वर्षांतच थकेल. उष्णता आणि वीज ही दोन वेगळी कारणे वाटली, तरी आतून ती अशी जोडलेली असतात.

मदरबोर्डवरचे लहान कॅपॅसिटर डोळ्यांनी तपासता येतात. त्यांचे डोके सपाट असावे. फुगलेले किंवा तपकिरी द्रव पाझरलेले दिसले तर तो दोष. साधारण १९९९ ते २००७ या काळात सदोष द्रवाचे कॅपॅसिटर जगभर विकले गेले आणि कित्येक कंपन्यांचे संगणक त्यामुळे अकाली गेले. एसएमपीएसची पेटी मात्र कोणीही वर्गात उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्या आतील कॅपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंतचा दाब काही वेळ राहू शकतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. संशय आला की पेटी आख्खी बदलून पाहावी. त्याआधी दोन सोपे प्रयोग आहेत: तोच संगणक वेगळ्या इमारतीतील जोडणीवर चालवून पाहणे, आणि बंद पडण्याच्या वेळा गावातील पंपांच्या वेळांशी जुळतात का ते वहीत पाहणे.

स्मृतिभ्रंश आणि चकतीचे दुखणे

उष्णता आणि वीज निर्दोष ठरली की रॅमकडे वळावे. रॅमच्या पट्टीच्या कडेला सोनेरी स्पर्शबिंदू असतात. त्यांच्यात धूळ आणि ओलावा शिरला की जोडणी ढिली होते. पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवल्याने बऱ्याचदा काम भागते. खोडरबराने घासण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. पण ते सोने म्हणजे अतिशय पातळ मुलामा असतो, तेव्हा जोर लावू नये आणि रबराचा चुरा खाचेत पडू देऊ नये.

रॅमच्या परीक्षेसाठी ‘मेमटेस्ट८६’ ही आज्ञावली आहे. क्रिस ब्रेडी यांनी १९९४ मध्ये ती तयार केली. पेनड्राइव्हवरून ती थेट चालते. स्मृतीच्या प्रत्येक कप्प्यात शून्य आणि एक यांच्या ठरावीक नक्षी लिहायच्या, परत वाचायच्या आणि जुळतात का ते पाहायचे, हेच तिचे काम. ती रात्रभर चालवावी. हजारो अब्ज वाचनांत एखादी जरी चूक निघाली, तरी ती पट्टी नापास.

चूक निघालीच, तर दोष पट्टीत की खाचेत? संगणकात दोन पट्ट्या आणि दोन खाचा असतील तर चार प्रयोग होतात. एका वेळी एकच पट्टी लावून दोन्ही खाचांत तपासावी, मग दुसरी तशीच. चूक एका पट्टीच्या मागे मागे जात असेल तर पट्टी सदोष. पट्टी कोणतीही असो, चूक एकाच खाचेत येत असेल तर खाच सदोष. चौकटीत चार उत्तरे लिहिली की निकाल समोर दिसतो. प्रयोगाची आखणी म्हणजे काय, हे मुलांना समजावण्यासाठी याहून सुटसुटीत उदाहरण शोधून सापडणार नाही.

चांगल्या रॅममध्येही क्वचित एखादा शून्य आपोआप एक होऊ शकतो. चिपच्या वेष्टनातील किरणोत्सारी अंशांतून निघणाऱ्या आल्फा कणांमुळे असे होते, हे इंटेल कंपनीतील मे आणि वुड्स या संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले. २००३ साली बेल्जियममधील एका निवडणुकीत एका उमेदवाराला ४,०९६ मते जास्त पडली होती. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे नेमका एक कप्पा उलटल्याचा फरक. वैश्विक किरणांवर तेव्हा संशय घेतला गेला. पण हे कारण वर्षातून एकदा बंद पडणाऱ्या संगणकाला शोभते. रोज बंद पडणाऱ्या संगणकाचे खापर आकाशावर फोडू नये.

हार्ड डिस्क आजारी असेल, तर संगणक सहसा एकदम बंद पडत नाही. तो थिजतो, फाइल उघडायला मिनिटे लावतो, कधी टकटक आवाज करतो. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवत असते. त्यांना स्मार्ट नोंदी म्हणतात. मोफत आज्ञावलीने त्या वाचता येतात. खराब कप्प्यांचा आकडा आठवड्यागणिक वाढत असेल, तर डिस्क बदलण्याची वेळ आली. मदरबोर्डवरची ३ व्होल्टची नाण्यासारखी बॅटरी मात्र बहुधा निर्दोष असते. ती संपली की घड्याळ मागे पडते आणि संकेतस्थळे उघडत नाहीत, संगणक बंद पडत नाही.

दोष यंत्रात की आज्ञावलीत, हा मोठा प्रश्न एका प्रयोगाने सुटू शकतो. लिनक्स ही मोफत प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन संगणक तिच्यावर चालवावा. डिस्कवरची मूळ प्रणाली तेव्हा झोपलेली असते. तरीही संगणक बंद पडला, तर व्हायरस किंवा विंडोज यांना दोष देता येत नाही. अर्धे मैदान एका फटक्यात मोकळे होते. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे जुन्या यंत्रावर लिनक्स वापरण्याचा विचार अनेक शाळांना तसाही करावा लागणार आहे.

बरा झाला हे कधी म्हणावे?

द्राक्षबागेत पाने पिवळी पडली तर जाणता शेतकरी एकाच दिवशी तीन औषधे मारत नाही. गुण आला तरी तो कशाचा, हे मग कळत नाही. संगणकाचेही तसेच. लेप, रॅम आणि पेटी एकाच दिवशी बदलली आणि दोष गेला, तर आपण संगणक दुरुस्त केला असेल, निदान केलेले नसते. पुढच्या संगणकाच्या वेळी पाटी पुन्हा कोरीच.

दुसरी बाब धीराची. समजा, संगणक सरासरी दोन दिवसांतून एकदा, केव्हाही, बंद पडतो. आपण काहीतरी बदलले आणि तो दोन दिवस बंद पडला नाही. दोष गेला का? संभाव्यतेचे गणित सांगते की काहीही न बदलतादेखील सलग दोन दिवस निर्वेध जाण्याची शक्यता शंभरात ३७ असते. चार दिवसांची शंभरात १४ आणि सहा दिवसांची ५. म्हणून साधा नियम असा: दोन वेळा बंद पडण्यातील सरासरी अंतराच्या निदान तिप्पट काळ वाट पाहावी, मगच उपाय लागू पडला असे वहीत लिहावे. बरीचशी अनावश्यक खरेदी ही केवळ न थांबल्यामुळे होते. आधी बदललेल्या भागाला उगाच श्रेय मिळते आणि दोष परत आला की दुसरा भाग विकत घेतला जातो.

शेवटी, प्रत्येक म्हातारा संगणक वाचवावाच असे नाही. मदरबोर्डवरचे अनेक कॅपॅसिटर एकदम फुगले असतील, तर दुरुस्तीचा खर्च यंत्राच्या किमतीहून वाढतो. तेव्हा त्याची चांगली रॅम आणि पेटी दुसऱ्याला लावावी आणि उरलेला सांगाडा भंगारात न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे पाठवावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार त्याची तीच योग्य वाट आहे. पण तो जाण्यापूर्वी एक दिवस वर्गातल्या टेबलावर उघडा ठेवावा. फुगलेला कॅपॅसिटर, वाळून भेगाळलेला लेप, धुळीने बुजलेल्या पट्ट्या मुलांना हाताळू द्याव्यात, फक्त विजेची पेटी आधी काढून ठेवावी. आणि त्याची वही पुढच्या संगणकाच्या शेजारी जपून ठेवावी.